तळीकडचं दार

“बा देवा म्हाराजा, रवळनाथा, बारा-पाचाच्या धन्या…” तातू गुरवांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं आणि मध्येच थांबून एक डोळा उघडला. “विषयाचा नाव काय म्हटलास, भाऊ?”

“बायोलॉजी,” बाबा जोडलेले हात न सोडता म्हणाले.

“आणि दुसरो?”

“मॅथ्स,” मामा म्हणाला. “गणित म्हणा हवं तर. देवाला समजेल.”

“देवाक सगळा समाजता. माझ्या लक्षात रवाक होया.” तातूकाकांनी डोळा पुन्हा मिटला. “तर म्हाराजा, ह्या भाऊ पेडणेकराचा चेडू धावी पास झाला हा…”

“व्हय म्हाराजा!” देवळात जमलेले सगळे एका सुरात म्हणाले.

“चांगल्या मार्कांनी पास झाला हा…”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आता पुढे काय शिकूचा, ता तेका समजणा नाय…”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यात माझ्या आईचाही होता.

दहावी पास झालेलं ते चेडू, भाऊ पेडणेकरांची मुलगी, म्हणजे मी, हर्षदा. आणि देवासमोर जे सांगितलं गेलं ते अगदी खरं होतं. मला काही समजत नव्हतं.

त्या वर्षी निकाल लागल्यापासून जो तो मला एकच प्रश्न विचारत होता: “मग, काय होणार?” माझ्या वर्गातल्या मुलींकडे उत्तरं तयार होती. चित्रा नर्स होणार होती, मंगल बँकेत लागणार होती. सुषमाला शाळेत शिकवायचं होतं आणि कोणत्या शाळेत तेही तिनं ठरवलं होतं. मला विचारलं की मी हसायचे. लोकांना वाटायचं, लाजते. खरं तर मला भीती वाटायची. सगळ्यांना काहीतरी हवं आहे आणि मला काहीच नको आहे, म्हणजे माझ्यात काहीतरी घालायचं राहून गेलं असावं, असं मला वाटे.

आईला तसं वाटत नसे. तिची तक्रार निराळी होती. “ह्या चेडवाक कपडे वाळत घालूक सांगितला, तर दोरयेवरचे पाण्याचे थेंब बघत बसता,” ती शेजारणीला सांगायची. “भांडी घासूक बसला, तर साबणाचे फुगे. काय बघता ता देव जाणे.”

तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला बाकीचे विषय ठरलेले होते. प्रश्न होता तो गणित आणि जीवशास्त्र यांचा. दोन्ही घेता येत होते, पण कॉलेजातल्या सरांनी बाबांना आधीच बजावलं होतं की दोन्ही घेणारी मुलं दोन्हीकडे बुडतात. एक धरायचं, दुसरं सोडून त्या जागी भूगोल घ्यायचा. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद, जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचं. आणि सोमवारी नाव घालायचं होतं.

बाबा आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. नोकरीला लागल्यापासून त्यांनी कितीतरी डॉक्टर येताना आणि बदली होऊन जाताना पाहिले होते. डॉक्टरांच्या खुर्चीच्या पाठीवर एक पांढरा टॉवेल असे. तो धुऊन, वाळवून पुन्हा नीट घालण्याचं काम शिपायाचं होतं, पण बाबा ते स्वतः करत. “एक दिवस त्या खुर्चयेवर माझा चेडू बसतला,” असं ते एकदाच म्हणाले होते, पण आईनं ते सगळ्या वाडीला सांगितलं होतं.

मामा टेलिफोन खात्यात इंजिनिअर होता. माझ्या निकालासाठी रत्नागिरीहून रजा काढून आला होता आणि येताना कॅल्क्युलेटर घेऊन आला होता. “डॉक्टर व्हायला दहा वर्षं जातात, भावोजी. इंजिनिअर चार वर्षांत कमावतो.”

“आणि रक्त बघून चक्कर येता ता कोणाक?” बाबा विचारत.

“मला. म्हणून तर सांगतोय. भाचीला पण येत असेल.”

“तिका येणा नाय. तिना कोंबडी कापताना बघितली हा.”

“कापताना नाही बघितली, बाबा,” मी म्हणाले. “नंतर पिसांवरून पाणी कसं घरंगळतं ते बघत होते.”

माझ्या बोलण्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. हे भांडण सकाळच्या चहाला सुरू होई आणि जेवणात भातावर वाढलेलं सार थंड होईपर्यंत चाले. शेवटी आईनं डाव आपटला.

“आता देवाकच इचारा. कौल लावा. तो सांगात ता दोघांनी ऐकूचा आणि माझ्या घरात गप जेवूचा.”

बाबांनी मान हलवली. मामाही कबूल झाला, पण म्हणाला, “प्रश्न मात्र बरोबर विचारायचा.”

आमच्याकडे कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. देवळाच्या आतल्या चौकात एक पाषाण उभा आहे. गुरव ओल्या पाकळ्या त्याला चिकटवतात, एक देवाच्या उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतात आणि सगळे थांबतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं ठरली आहेत, विहिरी खोदल्या आहेत, भाऊभाऊ बोलू लागले आहेत, ते त्या पाकळ्यांवर. मी लहानपणापासून पाहत आले होते. म्हणजे माणसं पाकळीकडे पाहत असलेली पाहिली होती. पाकळीकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी आमच्या आधी दोघांचे कौल होते. पहिला सदू परबाचा. त्याची म्हैस दोन दिवस बेपत्ता होती आणि ती वरच्या रानात शोधावी की नाही, हे त्याला विचारायचं होतं. मी आईबरोबर खांबाला टेकून बसले होते. करायला काही नव्हतं म्हणून पाषाणाकडे बघत राहिले.

पाषाण सुकलेला असला की राखाडी दिसायचा आणि ओला झाला की काळाभोर. तातूकाकांनी तगरीची पाकळी पाण्यात बुडवून दाबली की तिच्याभोवती एक काळा डाग उठायचा, पाकळीपेक्षा बराच मोठा. मग तो डाग कडांकडून आत आत येऊ लागायचा. घाई नाही, गडबड नाही. आत येत येत तो पाकळीच्या काठाला टेकायचा, क्षणभर तिथे थांबायचा आणि मग पाकळीखाली शिरायचा. पाकळी एका बाजूनं जराशी उचलली जायची.

“आता पडेल,” मी आईच्या कानात म्हणाले.

उजवी पाकळी पडली. सदू परब “व्हय म्हाराजा” म्हणून रानाच्या दिशेनं जवळजवळ धावत निघाला, मग दारातून परत आला, कारण त्याला आमचा कौल बघायचा होता. म्हैस काय, देवानं सांगितल्यावर कुठे जाते!

दुसरा कौल एका म्हातारीचा होता, सुनेला माहेरी धाडावं की नाही याचा. मी पुन्हा डाग बघू लागले. या वेळी डावीकडची पाकळी आखूड होती आणि तिच्याभोवती पाणीही कमी लागलं होतं.

“डावी जाणार,” मी म्हणाले. “अजून थोडा वेळ आहे.”

“गप बस. देवाच्या आधी बोलू नये.”

थोडा वेळ गेला. डाग काठाला टेकला. “आता.”

डावी पडली.

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. “तुका कोणी सांगल्यान?”

“दगडानं.”

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडच होतं. मला जे सांगता येत होतं ते देवळात दुसऱ्या कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं. नुसतं पाहिलं होतं.

मग आमची पाळी आली. तातूकाकांनी बाबांना विचारलं, “काय मागूचा?”

“उजवी पडली तर बायोलॉजी,” बाबा म्हणाले.

“आणि डावी पडली तर मॅथ्स,” मामा म्हणाला.

“तसा नाय चलणा.” तातूकाकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “देवाक व्हय की नाय, इतक्याच इचारूचा असता. ह्या की त्या, असा इचारूक तो दुकानदार आसा?”

“नुसतं ‘बायोलॉजी घ्यावी का’ विचारलंत आणि नाही आलं, तर भावोजी म्हणतील, यंदा नको, पुढच्या वर्षी,” मामा म्हणाला. “मला स्पष्ट उत्तर हवं.”

“मी असा म्हणान?” बाबा चिडले.

“म्हणशात,” आई म्हणाली. “तातूभावजी, लावा तसोच. दोघांची समजूत पटाक होई.”

तातूकाकांनी मान हलवली, तबकातून जोडीच्या पाकळ्या निवडल्या, दोन्ही सारख्या पाण्यात बुडवल्या, एकीला उजवीकडे दाबलं, दुसरीला डावीकडे, आणि ते गाऱ्हाणं सुरू झालं जे मी वर सांगितलं.

सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. मी डागांकडे. दोन्ही पाकळ्या सारख्या होत्या, पाणी सारखं होतं, पण उजवीकडचा डाग भराभर आत येत होता. का? मी इकडेतिकडे पाहिलं. देवाच्या उजव्या बाजूला तळीकडे उतरणारं दार उघडं होतं. पावसानं सकाळपासून उघडीप दिली होती आणि तळीवरून झुळूक आत येत होती. माझ्या कानावरचे केस त्या वाऱ्यानं हलत होते.

बायोलॉजी येणार, हे मला कळलं. बाबा जिंकणार, हेही कळलं. पण खरं सांगते, त्या क्षणी या दोन्ही गोष्टी मला फार लांबच्या वाटल्या, दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल बोलल्यासारख्या. मला एवढंच हवं होतं: खरंच वाऱ्यामुळे होतंय का? आणि वारा थांबवला तर काय होईल?

मी उठले, खांबाच्या मागून गेले आणि तळीकडच्या दारात जाऊन उभी राहिले. ओढणी दोन्ही हातांनी पसरून चौकटीला धरली. पाठीला वारा लागत होता, म्हणजे आत जात नव्हता. आता आडोशाला आलेला उजवा डाग जवळजवळ थांबला. डावा हळूहळू त्याला गाठू लागला.

“उशीर लागता,” सदू परब म्हणाला. “माझ्या म्हशीक इतको लागलो नाय.”

“म्हशीचा सोपा होता,” तातूकाका म्हणाले. “हयसर शिक्षणाचो प्रश्न आसा. देव इचार करता.”

“मॅथ्सला वेळ लागतोच,” मामा म्हणाला.

“पाठ करूचा असता तेका जास्त लागता,” बाबा म्हणाले. “हाडांची नावाच किती!”

“दोघय गप रवा,” आई म्हणाली. मग तिनं मला शोधायला मान वळवली, तर मी दारात ओढणी पसरून उभी. तिनं भुवया उंचावल्या. मी मान हलवून नको म्हणाले. ती पुन्हा पाषाणाकडे वळली.

दोन्ही डाग आता सारखे झाले होते. दोन्ही पाकळ्यांच्या काठांना टेकले. थांबले. खाली शिरले. उजवी जराशी उचलली गेली. डावीही.

आणि दोघी एकदम पडल्या.

“जमलं!” मी ओरडले.

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं.

“काय जमला?” बाबांनी विचारलं.

मी ओढणी घाईनं खांद्यावर ओढली. तातूकाका खाली वाकून दोन्ही पाकळ्या उचलून बघत होते. इतकी वर्षं कौल लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच गोंधळ पाहिला.

“रद्द,” मामा म्हणाला. “बरोबरी झाली. पुन्हा लावा.”

“एकदा मागितला ता मागितला. ह्या काय रेशनचा दुकान आसा, कमी पडला म्हणान परत रांगेत?”

“पण मग ह्येचो अर्थ काय?” बाबा म्हणाले.

अर्थ सदू परबानं सांगितला. “आरे, दोन्ही दिल्यान! उजवी पण, डावी पण. दोन्ही शिकांदे चेडू!”

“व्हय म्हाराजा!” कुणीतरी मागून म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले.

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामानं बाबांकडे. प्रत्येकाला वाटलं, आपला विषय तर मिळाला. “सर म्हणत होते, पोरां बुडतत,” बाबा पुटपुटले. “देवानं सांगितल्यावर कशी बुडेल?” मामा म्हणाला. देवळाबाहेर पडताना मामाचा हात बाबांच्या खांद्यावर होता, आणि घरी आमटी गरम असताना जेवण झालं.

पण त्याआधी मी तळीवर गेले. तातूकाका पायरीवर बसून तबक धूत होते. दोन्ही विषय माझ्या ओढणीमुळे ठरले होते, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

“तातूकाका, ता माझ्यामुळे झाला. मी दारात होतंय म्हणान वारो आडलो. वारो नसलो तर दोन्ही सारखीच सुकतत.”

“माका दिसत होता, तू उभा होतंस ता.”

“मग बाजूक हो म्हणान कित्या सांगितलात नाय?”

त्यांनी तबक पालथं करून पाणी निथळू दिलं. “तुका थंय उभा कोणी केल्यान?”

“कोणी नाय. माका बघूचा होता.”

“व्हय ना? मग ता बघूचा तुझ्या मनात कोणी घातल्यान?”

मी तबकावरून निथळणारं पाणी बघू लागले. माझी ती तंद्री पाहून तातूकाका खूश झाले.

“आणि ह्या बघ,” ते उठताना म्हणाले, “घरात बोलू नको. तुझ्या बापाशीचो आणि मामाचो पहिल्यांदाच एक इचार झालो हा. तो तरी टिकांदे.”

सोमवारी कॉलेजात आम्ही चौघे गेलो. आईला यायची गरज नव्हती, पण ती म्हणाली, वाटेत पुन्हा भांडलात तर कोण बघणार. टेबलाशी कुडतरकर सर बसले होते, ज्यांनी बाबांना बजावलं होतं तेच.

“गणित की जीवशास्त्र?”

“दोन्ही,” बाबा आणि मामा एकदम म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. “मी सांगितलं होतं ना? बुडेल ती.”

“देवाचो कौल आसा, सर.”

“देव प्रॅक्टिकलना येणार आहे का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला काय व्हायचंय?”

तोच प्रश्न. पण या वेळी मी हसले नाही.

“ते मला माहीत नाही, सर. मी एक विचारू? ओली पाकळी दगडाला चिकटून का राहते? पाणी तर नुसतं घसरतं, त्यात डिंक नाही. आणि ते सुकायला आलं की पाकळी एका बाजूनं उचलते, ती कशानं? हे कशात असतं? गणितात की जीवशास्त्रात?”

सरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.

“फिजिक्समध्ये,” ते म्हणाले.

“मग मला ते घ्यायचंय.”

“मुली, ते घ्यायचं नसतं. ते सगळ्यांनाच असतं. सक्तीचं आहे.”

“असू दे,” मी म्हणाले. “तरी मला ते घ्यायचंय.”

सर हसायला लागले. बाबा आणि मामा एकमेकांकडे बघत राहिले. ज्या विषयावरून त्यांनी एका शब्दानंही भांडण केलं नव्हतं, तो त्यांच्या नाकासमोर होता. आई तेवढी म्हणाली, “बरा झाला. मिटला सगळा. आता खंय तरी बसून चाय घेवया.”

मी बुडाले नाही. पण दोन्ही विषयांनी मला घाम फोडला हे खरं, आणि बेडकाची हाडं पाठ करताना मी त्या तळीकडच्या दाराला कितीदा तरी नावं ठेवली. नर्स झालेली चित्रा अजून विचारते, “तू नक्की काय काम करतेस गो?” मी सांगते, थेंब बघते. तिला वाटतं, मी टाळते.

मागच्या वर्षी बाबा माझी प्रयोगशाळा बघायला आले. डॉक्टरांच्या खुर्चीवर असतो तसला टॉवेल माझ्या खुर्चीवर नाही, हे त्यांनी आल्याआल्या पाहिलं. मग मी त्यांना टेबलाजवळ नेलं. तिथे काळ्या दगडाची एक पाटी उभी केलेली असते, समोर कॅमेरा, बाजूला एक छोटा पंखा, हवा कमीजास्त करण्यासाठी. मी एक पाकळी भिजवून पाटीला लावली. पडद्यावर ओला डाग मोठा होऊन दिसू लागला. तो आत आत येत होता. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते.

“ही कधी पडतली?”

“थांबा.” डाग काठाला टेकला. “आता.”

पाकळी पडली.

बाबा पुढे वाकले. त्यांनी पडलेल्या पाकळीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग त्या छोट्या पंख्याकडे. पंख्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच माझ्याकडे वळले.

“त्या दिवशी तू तळीकडच्या दारात उभा होतंस. नाय गो?”

“व्हय,” मी म्हणाले.

बाबांनी दगडाच्या त्या पाटीला हात जोडले.

“म्हाराजा,” ते म्हणाले, आणि मोठ्यानं हसले.